पाठमोरा समालोचक

सावद्याच्या आमच्या मंडळात बसायचं तर एकच नियम आहे. शर्यतीतला एकच धावपटू निवडायचा आणि बंदूक वाजल्यापासून तो रेषा ओलांडेपर्यंत नजर त्याच्यावरून हलवायची नाही. पुढे कुणी विश्वविक्रम करो, मागे कुणी चक्कर येऊन पडो. आपला माणूस आठवा असेल तर आठव्याकडे बघायचं. शर्यत संपली की प्रत्येकानं आपापल्या माणसाची हकिगत सांगायची. त्या सगळ्या हकिगती जोडून जे तयार होतं त्याला आम्ही शर्यत म्हणतो. टीव्हीवर दिसते ती वरात, असं झोपे सर म्हणतात. नवरदेवाचा घोडा तेवढा दिसतो.

झोपे सर शाळेत पी.टी. शिकवायचे. नियम त्यांचा. मुख्तारभाई भुसावळचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. सगळी नोकरी सिग्नलकडे बघण्यात गेली, त्यामुळे त्यांना नियम शिकवावा लागला नाही. आम्ही बसतो प्रल्हादभाऊ भंगाळ्यांच्या ऑफिसात. त्यांचे केळी पिकवायचे चेंबर शेजारीच, भिंत थंडगार. मे महिन्यात आमचं मैदानी खेळांवरचं प्रेम एकदम वाढतं, त्यात त्या भिंतीचा वाटा किती हे मी विचारत नाही. विचारलं तर निम्मं मंडळ दुखावेल.

आणि इंदूताई. इंदुमती फेगडे. आम्ही सगळे शर्यती बघितलेली माणसं, ती धावलेली.

अठरा वर्षांपूर्वी ती आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे रिलेच्या संघात होती. तिसरी फेरी तिची. शेवटच्या मुलीच्या हातात बॅटन द्यायच्या क्षणी टीव्हीवर भालाफेकीचा विजेता झेंडा पांघरून आईला मिठी मारत होता. चित्र परत आलं तेव्हा बॅटन जमिनीवर होती आणि इंदूताई दोन्ही हात पसरून उभी होती. नक्की काय झालं ते कुठल्याही कॅमेऱ्यात नव्हतं. पण मराठी वाहिनीवर हेमंत कारखानीस होते. त्यांनी क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, "अरेरे! इंदुमतीच्या हातातून बॅटन निसटली!"

त्यांनीही पाहिलं नव्हतं. पण वाक्य छान बसलं, आणि छान बसलेलं वाक्य उठवता येत नाही. खरं म्हणजे पुढच्या मुलीनं मूठ आधीच मिटली होती. इंदूताई हे सांगत राहिली, लोक मान हलवत राहिले. संघात पुन्हा नाव आलं नाही. गावात आली तर पोरं मागून ओरडायची, "ताई, पिशवी सांभाळा, निसटेल!" कारखानीस मात्र मोठे झाले. दर वर्षाअखेर त्यांचा 'घसरगुंडी' नावाचा विनोदी कार्यक्रम लागतो. त्यात अजून ते वाक्य वाजवतात.

इंदूताई तो कार्यक्रम दर वर्षी बघते. न चुकता. काही माणसं जखम धुतात, काही तिला पाणी घालतात.

*

या वर्षी नजरवाहिनी आली.

तिचं शास्त्र मला झोपे सरांनी समजावलं तसं सांगतो. स्टेडियमच्या छपराच्या कडेला मोहरीएवढी हजारो भिंगं बसवलेली असतात. ती मैदानावरचा सगळा प्रकाश सगळ्या बाजूंनी टिपतात, त्यामुळे गणित करून कुठल्याही कोपऱ्याचं, हव्या तेवढ्या जवळून, चित्र तयार करता येतं. कॅमेरामन नको. पण एकाच वेळी सगळ्या कोपऱ्यांचं चित्र करायला जगातली कुठलीच यंत्रं पुरत नाहीत. मग कुठला कोपरा दाखवायचा? तर लोकांना हवा तो. आता प्रत्येक टीव्हीच्या चौकटीत डोळा वाचणारी पट्टी असते. जगभरचे प्रेक्षक पडद्यावर कुठे बघताहेत ते क्षणोक्षणी गोळा होतं आणि चित्र तिकडे सरकतं. ज्या कोपऱ्याकडे कुणी पाहिलं नाही त्याचा प्रकाश लगेच पुसला जातो. एवढं साठवणार कुठे? थोडक्यात, जे पाहिलं तेच उरतं. पंचांनीही आपले वेगळे कॅमेरे काढून टाकले. छपरावर हजारो डोळे असताना खांबावरचे चार कशाला?

भानगड एकच होती. माणसाची नजर एका सेकंदात दोन-तीनदा उडी मारते. त्यातली आवड कुठली आणि चाळा कुठला हे कसं ओळखायचं? इंजिनिअरांनी ठरवलं, जी नजर टिकते तिला जास्त वजन. जितकी जास्त टिकेल तितकं वजन दुपटीनं वाढत जाईल. चार-पाच सेकंदांपुढे कुणी जाईल असं त्यांना वाटलं नाही, म्हणून वरची मर्यादा घातलीच नाही. नऊ मिनिटं एकाच मुलीकडे बघणारी माणसं सावद्यात बसलीत हे त्यांना कोण सांगणार?

ती मुलगी म्हणजे अश्लेषा, इंदूताईच्या भावाची. अडथळ्यांच्या तीन हजार मीटरमध्ये, म्हणजे ज्यात दर फेरीला एक उडी पाण्याच्या खड्ड्यावरून असते त्या शर्यतीत, ती जागतिक स्पर्धेला ऑकलंडला गेली होती. तिच्या प्राथमिक फेरीला आम्ही नियम थोडा वाकवला. गावातलीच पोर म्हणून मंडळातल्या सगळ्यांनी, आणि जिल्ह्यातल्या आमच्या इतर बैठकांनीही, म्हणजे एकूण साठेक जणांनी, तिलाच निवडलं.

अश्लेषा बराच वेळ अकरावी होती. आणि सगळं जग अकराव्या नंबरच्या मुलीकडे बघत होतं.

"काय भो, आज फारच चांगलं दाखवताहेत," प्रल्हादभाऊ म्हणाले. कुणाला काही कळलं नाही. शेवटी तिनं मुसंडी मारली आणि पाचवी येऊन अंतिम फेरी गाठली. आम्ही केळी वाटली.

संध्याकाळी चाहत्यांच्या जागतिक फलकावर आग लागली. तिथे आम्ही भाषांतराचं यंत्र मध्ये घालून रोजच भांडतो: भालाफेकीतली चौथी फेक का दाखवत नाहीत, उंच उडीच्या वेळी मुलाखत कशाला. पण हे भांडण वेगळंच होतं. ओस्लोच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, ही अकरावी मुलगी राजघराण्यातली आहे का? केनियातल्या एल्डोरेटच्या एक शिक्षिका लिहीत होत्या, "आमच्या मुलीनं स्पर्धेचा विक्रम मोडला. तिचा मला फक्त डावा कोपर दिसला." त्यांचं दुःख खरं होतं. त्या दुःखाचे कर्ते सावद्यात केळी खात होते, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं खुलासा केला: काही थोड्या प्रेक्षकांची नजर कल्पनेपलीकडे स्थिर आढळली. ते कोण हे सांगता येत नाही, कायद्यानं नावं साठवता येत नाहीत. वजनाला मर्यादा घालू, पण वाहिन्यांशी करार असल्यानं स्पर्धा संपल्यावरच.

झोपे सरांनी खुलासा दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "आपण."

प्रल्हादभाऊंना आनंद झाला. मुख्तारभाईंना काळजी वाटली. इंदूताई उठली. तिनं शर्यत परत लावली आणि एका जागी थांबवली. "मुख्तारभाई, काल तुम्ही काय म्हणाला होता? काचेच्या खोलीचं?"

मुख्तारभाईंनी शर्यतीनंतरच्या हकिगतीत सहज सांगितलं होतं. अश्लेषा मुख्य स्टँडसमोरून जाते तेव्हा तिच्या मागे वर समालोचकांच्या काचेच्या खोल्या दिसतात. बाकी खोल्यांत तोंडं दिसत होती. एकीत डोकं दिसत होतं.

"टक्कल था ताई. कडेनं केस. तोंड दुसरीकडे."

ते टक्कल इंदूताई दर वर्षी 'घसरगुंडी'त बघायची. तिनं आवाज वाढवला. ऑकलंडहून मराठी समालोचन करणारे कारखानीस उत्साहानं सांगत होते, "आणि अश्लेषानं पाण्याची उडी किती सुरेख घेतली!" पडद्यावर अश्लेषा त्याच क्षणी पाण्यात एक पाय घसरून कशीबशी सावरत होती.

"हा बघत नाहीये," झोपे सर म्हणाले. "यंत्र अंदाज लिहून देतंय, हा वाचतोय."

"अठरा वर्षांपूर्वी यंत्र तरी नव्हतं," इंदूताई म्हणाली. "तेव्हा नुसताच अंदाज होता."

*

तिची योजना साधी होती. अंतिम फेरीत आमच्या साठ नजरा अश्लेषाच्या मागच्या त्या काचेवर ठेवायच्या. चित्र आपोआप वर सरकेल. मग जगाला दिसेल की शर्यतीचं वर्णन करणारा माणूस शर्यतीकडे पाठ करून बसतो.

झोपे सर अडले. "तो धावपटू नाही. नियमात बसत नाही."

"राज्य पातळीवर आठशे मीटर धावलाय. धावपटूच आहे."

"इंदू, सगळ्यांनी ठरवून एकाच माणसाच्या मागे लागायचं, हे आपल्यात कधी झालेलं नाही."

"माझ्या वेळी सगळ्या महाराष्ट्रानं एकाच माणसाचं ऐकलं, ते चाललं?"

झोपे सरांनीही तेव्हा मान हलवली होती. इंदूताई कुणावर ओरडत नाही, हीच तिची ताकद. कुणी तिच्याशी कधी काय वागलं हे तिला पक्कं आठवतं आणि ज्याचं त्याला बरोबर वेळेवर दाखवते. त्या दुपारी तिनं एकेकाकडे नुसतं पाहिलं. एकेकाची मान खाली गेली. माझीही.

अश्लेषाचा फोन त्याच वेळी आला. इंदूताईनं सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"आत्या, ऐक ना. काल ती हिरव्या बनियनवाली होती ना, उंच? ती पाण्याच्या उडीपाशी मला सारखी हात लावत होती. पाठीवर. माझा पाय तिच्यामुळेच घसरला."

"पंचांना सांगितलंस?"

"ते म्हणाले, चित्रात हात दिसत नाही, पलीकडच्या बाजूला होता. आत्या, तुम्ही लोक बघता म्हणून मी चित्रात येते असं इथे सगळ्या मुली म्हणतात. चिडवतात मला. खरं आहे का गं?"

इंदूताईनं आमच्याकडे पाहिलं. "असेल."

"मग एक कर. बाकी शर्यत नका बघू मला, लाज वाटते. पण शेवटची पाण्याची उडी बघा. नीट बघा. तिनं परत हात लावला तर मला चित्र पाहिजे."

"बघते."

"नक्की?"

"अगं, बघते म्हटलं ना. तू नुसती धाव."

फोन ठेवल्यावर इंदूताईनं फेऱ्यांची वाटणी करून टाकली. पहिल्या फेऱ्या कारखानीसांच्या, शेवटच्या दोन पोरीच्या. दोघांचंही भागत होतं. या वाटणीत आम्ही साठजण धरलेले होतो. जग धरलेलं नव्हतं.

*

अंतिम फेरीच्या दुपारी प्रल्हादभाऊंचं ऑफिस भरलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात नेहमीसारखा मैदानाचा छोटा नकाशा आणि त्यावर धावपटूंचे ठिपके; ठिपक्याकडे बघितलं तरी ती नजर त्या धावपटूच्या खात्यात जमा व्हायची. अश्लेषाचा ठिपका केशरी.

बंदूक वाजली. धावणाऱ्या पहिल्यांदा मुख्य स्टँडसमोर आल्या तेव्हा काच दिसली. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला, नखाएवढी.

"तिथे," इंदूताई म्हणाली.

आम्ही बघितलं. बघत राहिलो. धावपटू वळणावर गेल्या तरी चित्र त्यांच्याबरोबर पुरतं गेलं नाही. अडलं, जणू कुणी पदर धरला. मग हळूहळू वर चढलं. काच मोठी झाली. टक्कल मोठं झालं. मग गणितानं बाजू बदलली आणि खोलीच्या आतलं चित्र आलं.

हेमंत कारखानीस मैदानाकडे पाठ करून बसले होते. बूट काढलेले. एक पाय समोरच्या खुर्चीवर. समोरच्या छोट्या पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि कारखानीस नेलकटरनं पायाची नखं कापत होते. तोंडानं मात्र ओरडत होते, "काय वेग! काय जिद्द! अंगावर काटा येतोय मंडळी!" आणि अंगठ्याचं नख कट्‌.

प्रल्हादभाऊ हसता हसता खुर्चीवरून घसरले. मुख्तारभाई सुद्धा हसले, पण पापणी हलवली नाही, सवय. इंदूताई हसली नाही. ती बघत होती. अठरा वर्षं डब्यात ठेवलेली गोष्ट काढून ती उन्हात ठेवत होती, वास सगळ्यांना यावा म्हणून.

मराठी न कळणाऱ्यांना शब्दांची गरजच नव्हती. फलकावर जगभरातून हसण्याचा पूर आला. एल्डोरेटच्या शिक्षिकेनं लिहिलं, "आता कळलं, आमच्या मुलीचा नुसता कोपर का दिसला." स्टेडियममधला मोठा पडदाही हेच चित्र दाखवतो, तिथे साठ हजार माणसांनी माना वळवल्या. मराठी वाहिनीनं घाबरून कारखानीसांचा आवाज बंद केला. चित्र बंद करणं तिच्या हातात नव्हतं.

"दोन फेऱ्या राहिल्या," झोपे सर म्हणाले. "इंदू, पोरीकडे."

"हो. सगळ्यांनी. ठिपक्यावर बघा."

साठ नजरा केशरी ठिपक्यावर गेल्या. चित्र जागचं हललं नाही.

"हलेल," इंदूताई म्हणाली. "थांबा."

चित्र हललं नाही. हलणार कसं? एरवी जगाची नजर सेकंदाला तीनदा उडते म्हणून आमची भारी पडायची. आज कोट्यवधी माणसं पापणी न लवता एका टकलाकडे बघत होती. शर्यतीकडे बघताना ज्यांना एका फेरीत कंटाळा यायचा, ते दुसऱ्याच्या फजितीकडे बघायला बसले की आमच्याइतकेच तरबेज निघाले. त्यांना कुणी नियम शिकवला नव्हता.

शेवटची फेरी सुरू झाल्याची घंटा वाजली. पडद्यावर कारखानीसांना कुणीतरी कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी मान मागे वळवली, काचेतून मोठ्या पडद्यावर स्वतःला पाहिलं. हातातलं नेलकटर पडलं. ते उठले. काय करावं न सुचून मैदानाकडे वळले आणि एका पायात मोजा घातलेले तसेच काचेला हात टेकून उभे राहिले. चेहरा आता पुरता आमच्याकडे.

ठिपके वळणावर गेले. पाण्याच्या उडीपाशी केशरी ठिपका आणि हिरवा ठिपका एकमेकांत मिसळले.

"वळ," इंदूताई पडद्याला म्हणाली. "वळ ना!"

केशरी ठिपका थांबला.

पडद्यावर कारखानीसांचे डोळे विस्फारले. त्यांनी तोंड उघडलं, काचेवर तळहात आपटला, काहीतरी मोठ्यानं ओरडले. आवाज बंद होता.

मग केशरी ठिपका हलला, पळाला, चौथा आला. हिरवा तिसरा.

ऑफिसात चेंबरच्या पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

*

अश्लेषाच्या संघानं तक्रार केली: हिरव्या बनियनवालीनं पाण्यात ढकललं. समोरच्यांनी उलट तक्रार केली: अश्लेषानंच बनियन ओढली. पंचांनी चित्र मागवलं. त्या क्षणाचं एकच चित्र उरलं होतं, काचेला चिकटलेल्या कारखानीसांच्या तोंडाचं. पाण्याच्या उडीपाशी उभा असलेला पंच मोठ्या पडद्याकडे बघत होता, हे त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. तिथे सगळेच तिकडे बघत होते. ज्यानं आयुष्यभर शर्यतीकडे पाठ केली तो एकटाच त्या वेळी तिच्याकडे तोंड करून उभा होता, आणि त्याचा पुरावा सगळ्या जगाकडे होता.

इंदूताईचा फोन वाजला. तिनं तोही सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. नाव नव्हतं, पण पहिल्या शब्दाला सगळ्यांनी आवाज ओळखला.

"इंदुमतीबाई, नमस्कार. हेमंत कारखानीस. साठ स्थिर नजरा भारतातल्या एकाच जिल्ह्यातल्या आहेत असं आमच्या लोकांनी काढलंय. बाकी मी ओळखलं. एवढा राग धरून बसणारं दुसरं कोण आहे तिकडे?"

"बोला."

"मी पाहिलं. उडीपाशी काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. पंच मला विचारायला निघालेत."

"मग पाहिलंत ते सांगा."

"सांगेन की. किंवा म्हणेन, गडबडीत नीट दिसलं नाही." ते थांबले. "तुमच्या वेळी मी पाहिलं नव्हतं आणि बोललो. आज पाहिलंय आणि गप्प बसू शकतो. तुम्हाला कुठलं जास्त लागेल, बाई?"

प्रल्हादभाऊंनी एक अस्सल खानदेशी शिवी हासडली. इंदूताईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"कबुली. कॅमेऱ्यासमोर. की हा प्रेक्षकांचा कौल नव्हता, एका टोळक्यानं सूड म्हणून चित्र पळवलं. आधी तुमची कबुली, मग माझी साक्ष. माझी नोकरी वाचेल, तुमची पोर वाचेल. व्यवहार सरळ आहे."

"सरळ आहे," इंदूताई म्हणाली आणि फोन ठेवला.

झोपे सर म्हणाले, "इंदू, माफी माग आणि मोकळी हो. पोरीचा प्रश्न आहे." तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं पदर नीट केला, प्रल्हादभाऊंना त्यांचा फोन समोर धरायला सांगितला आणि फलकावर थेट बोलायला लागली. जग अजून तिथेच हसत होतं.

"मी इंदुमती फेगडे. आज समालोचकांच्या खोलीवर चित्र नेलं ते आम्ही नेलं. ठरवून नेलं. सूड होता. अठरा वर्षांपूर्वी कारखानीस न बघता माझ्याबद्दल एक वाक्य बोलले, त्याचा. कबूल आहे. आमच्या नजरांचं वजन कंपनीनं आजच काढून घ्यावं."

तिनं श्वास घेतला.

"आता दुसरं. आम्ही चित्र नेलं म्हणून कारखानीस उठले. उठले म्हणून वळले. वळले म्हणून त्यांनी शेवटची उडी पाहिली. आत्ताच त्यांनी मला फोन करून सांगितलं की त्यांनी ती या डोळ्यांनी पाहिली. इथे बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. ते जबाबदार समालोचक आहेत. पंचांनी विचारलं की ते 'दिसलं नाही' असं म्हणणार नाहीत, कारण ओरडतानाचं त्यांचं तोंड तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. मला वाटतं, ओठांवरून सुद्धा कळेल. मराठी येणाऱ्यांनी बघा."

मराठी येणाऱ्यांनी बघितलं. पहिली वीस उत्तरं एकसारखी होती: 'ढकललं! ए, ढकललं!'

कारखानीसांना गप्प बसायला जागा उरली नाही. त्यांनी मोजा न घातलेल्या पायावर बूट चढवले, पंचांसमोर गेले आणि खरं ते सांगितलं. हिरवी मुलगी बाद झाली. अश्लेषाला कांस्यपदक मिळालं. वाहिनीनं कारखानीसांना काढलं नाही. उलट 'आमचा माणूस बघतो' अशी जाहिरात केली. लाज वाटण्यापेक्षा ती विकणं सोपं असतं.

ऑफिसात पुन्हा केळी वाटली गेली. इंदूताईनं पहिल्यांदाच दोन खाल्ली. तिच्या तोंडावर मी जे पाहिलं त्याला समाधान म्हणायला हरकत नाही. अठरा वर्षांची वसुली, वर व्याज म्हणून पदक.

अश्लेषाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. या वेळीही इंदूताईनं तो सगळ्यांसमोर घेतला. तिथे तिचं चुकलं.

"अभिनंदन गं माझ्या राणी!"

"आत्या, पाण्यात पडले तेव्हा मी वर बघितलं. मोठ्या पडद्यावर. मला वाटलं, चला, निदान दिसलं असेल. तर तिथे एक म्हातारा."

"अगं, पण त्याच्यामुळेच..."

"माहितीये. मी त्यांना भेटले. थँक्यू म्हणाले. त्यांनी बघितलं ना."

"आम्ही बघणार होतो. चित्र वळेना. तुला काय सांगू..."

"तुला त्याला पण बघायचं होतं आणि मला पण. मी तुला एकच उडी मागितली होती."

इंदूताई टेबलावरच्या केळ्यांच्या साली गोळा करायला लागली.

"पुढच्या वेळी माझ्याकडे दुसऱ्या कुणाला बघायला सांग," अश्लेषा म्हणाली. रागानं नाही, खेळाडू बूट बदलतात तशी. "झोपे सरांना सांग. नाहीतर मुख्तारचाचांना. चाचा बरे."

"आणि मी कुणाकडे बघू?"

"तुला काय, आत्या. तुझा माणूस आहेच की."

*

नव्या मोसमाची पहिली स्पर्धा जूनमध्ये झाली. नजरांना मर्यादा बसली होती. आता आमचं वजन चारचौघांइतकंच. अश्लेषा मुख्तारभाईंकडे गेली. बाकीच्यांनी आपापले धावपटू निवडले. इंदूताईला कुणी विचारलं नाही.

पुरुषांच्या दहा हजार मीटरची शर्यत होती. उन्हात, रटाळ, पंचवीस फेऱ्यांची. वरच्या काचेत हेमंत कारखानीस उभे होते. बसले नव्हते. मैदानाकडे तोंड, दोन्ही पायांत बूट, पाठ ताठ. मर्यादेची बातमी त्यांनी वाचली असणार, पण तिच्यावर त्यांचा विश्वास बसलेला दिसत नव्हता. फेरीमागून फेरी ते तसेच उभे राहिले आणि छपराच्या कडेला, त्या मोहरीएवढ्या भिंगांकडे बघत राहिले, आपल्याकडे कुणी वळतंय का ते शोधत.

वळत कुणीच नव्हतं. फक्त सावद्यात एक बाई पडद्याच्या वरच्या कडेला, नखाएवढ्या काचेत बघत बसली होती, पापणी न हलवता.

शर्यत संपल्यावर झोपे सरांनी एकेकाची हकिगत विचारली. इंदूताईपाशी आले तेव्हा ती म्हणाली, "उभा होता. सगळा वेळ."

"आणि जिंकलं कोण?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "त्यालाही माहीत नसेल."